पावलीवाल्या अव्वा

अव्वांना काहीही सांगा, त्यांचा पहिला शब्द ठरलेला असायचा. "अव्वा, दूध आलंय." "का?" "अव्वा, तुमच्या मुलीचा फोन येऊन गेला." "का?" एकदा मी धावत खाली जाऊन सांगितलं की समोरच्या दुकानातून धूर येतोय. तेव्हाही त्यांनी आधी "का?" विचारलं आणि मग चष्मा शोधला. आग किरकोळ होती, एक वायर जळाली होती. पण पुढं कितीतरी दिवस त्या दुकानदाराकडं त्या अशा बघायच्या, जणू त्यानं विमा काढून ठेवलाय आणि ते फक्त त्यांनाच कळलंय.

शाहूपुरीतल्या एका बोळात त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत जुन्या नाण्यांचं दुकान, मागं त्या स्वतः, आणि वर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी राहायची. मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली. गावातल्या एका बाईच्या ओळखीनं कोल्हापुरात बेकरीत टोस्ट-खारीच्या पॅकिंगचं काम लागलं, पण एकट्या बाईला खोली कुणी देईना. अव्वांनी दिली. ते उपकार मी विसरले नाही, आणि त्यांनी ते उपकार म्हणून कधी केलेही नव्हते.

चौकशीला गेले तेव्हा त्या उंबऱ्याच्या आत पाट टाकून बसल्या होत्या. मला बाहेरच उभं केलं.

"कुठली?"

"वाशीमकडची."

"त्ये कुठं आलं?"

"लांब. अकोल्याच्या पलीकडं."

"इतक्या लांबनं का आलीयास? तिकडं काय करून आलीयास?"

मला रडूच फुटलं. माझा स्वभावच तसा, कुणी लागोपाठ दोन प्रश्न विचारले की वाटतं, आपण नक्की काहीतरी केलेलं असणार. अव्वा बघत राहिल्या. माझं डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "भ्येणारं माणूस भाडं येळंवर देतंय. सामान घेऊन ये जा."

त्यांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि त्याच्याच शेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेलं, नाणी पारखायचं एक लोहचुंबक. नवीन गिऱ्हाईक त्या चुंबकालाही हात जोडायचं. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे मोजणं आणि शिव्या कानडीत, बाकी सगळं मराठीत. स्वतःबद्दल बोलताना त्या भागातल्या बायका बोलतात तसं "मी आलो, मी बघितलो" म्हणायच्या. पहिले काही दिवस मला वाटायचं, घरात कुणी पुरुष बोलतोय.

भाजीवाल्याकडं जाताना स्वतःचं किलोचं वजन पिशवीत घेऊन जायच्या. भाजीवाला वैतागायचा. "अव्वा, माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?" "तुझ्यावर हाय की. तुझ्या वजनावर न्हाय."

मी राहायला आल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक रुपयाचं नाणं पडलेलं दिसायला लागलं. ते माझ्यासाठीच ठेवलेलं आहे हे मला लगेच कळलं. मी हात लावला नाही. झाडतानाही त्याच्या कडेनं केरसुणी फिरवायची. नाण्याभोवती धुळीचं कडं तयार झालं. शेवटी एका सकाळी अव्वांनीच ते उचललं आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "न उचलणारं माणूस जास्त हुशार असतंय. तुझ्यावर नजर ठेवायला पायजे." उचललं असतं तर काय म्हणाल्या असत्या, याचा विचार मी पुढं कितीतरी दिवस करत होते.

आता अव्वा नाहीत. बोळात त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. त्यांना ते आवडलं नसतं, कारण मोबाईलशी त्यांचं वैर होतं. दर दोन दिवसांनी कुणीतरी दारात यायचं, मूठ मिटलेली, डोळ्यांत चमक.

"या पावणं. कुठनं आलासा?"

"कागलहून. एक पावली हाय आमच्याकडं. पाच लाखाची."

"कोण म्हणालं पाच लाखाची?"

"मोबाईलवर बघितलं की."

"मग मोबाईललाच इका."

पावली म्हणजे चार आणे, पंचवीस पैसे. ती बाजारातून कधीच गेली. पण काही पावल्या सरकारनं खास प्रसंगाच्या म्हणून काढलेल्या. दिल्लीत एशियाड झालं तेव्हाची खेळांचं चिन्ह असलेली, झाडं लावा सांगणारी, आणखी एकदोन. लोकांच्या डब्यांत, देव्हाऱ्यांत, पेटीच्या तळाशी त्या अजून निघतात. व्हिडिओत एक माणूस ओरडून सांगतो की ही तुमच्याकडं असेल तर तुम्ही लखपती, आणि माणसं झोपेतून उठून डबे शोधायला लागतात.

एकदा मलकापूरहून एक गृहस्थ एसटीनं आले. धोतराच्या सोग्यात रुमाल, रुमालात कागद, कागदात कापूस आणि कापसात पावली. तीही एशियाडची नव्हे, गेंड्याचं चित्र असलेली, रोजच्या व्यवहारातली. ते म्हणाले, "पाच लाखाच्या खाली सोडणार न्हाय." अव्वा म्हणाल्या, "सोडू नका." ते बुचकळ्यात पडले. त्यांना घासाघीस हवी होती. अव्वांनी मला चहा करायला लावलं. चहा आला तर पाहुणे घ्यायला तयार नाहीत. एका मुठीत पावली, दुसऱ्या हातात कप, मग बशी कशानं धरायची? पावली खाली ठेवली तर अव्वा बदलतील ही भीती. शेवटी त्यांनी कपानंच गरम चहा प्यायला, तोंड पोळलं, पण मूठ उघडली नाही. ते निघाल्यावर अव्वांनी त्यांचा कप उलटा करून बघितला. "न्हाय, जरा बघितलो," म्हणाल्या, "काय ठेवून गेलाय का."

नाणं त्या कडेनं धरायच्या, दोन बोटांत, फुलपाखरू धरल्यासारखं. कुणी चित्रावर अंगठा टेकवला की किंचाळायच्या. पण सगळ्यात जास्त संताप धुतलेल्या नाण्याचा. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला नाणी चिंचेनं घासतात, हळदकुंकू लावतात. नाणं विकायला आणतानाही माणसं तेच करतात. परक्याच्या दारात मळकी वस्तू कशी न्यायची? चिंच, राख, लिंबू, कुणी तर दात घासायच्या पेस्टनं. नाणं चकचकीत होतं आणि किंमत जाते. अव्वांनी दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'तोंड धुऊन या. नाणी धुऊन आणू नका.' माणसं ते वाचून हसायची आणि खिशातून घासलेलं नाणं काढायची.

"कोण घासलं?"

"आमच्या मंडळींनी. लख करून दिलंय बघा."

"मग त्यास्नीच द्या, नथीत घालतील."

आता हे सगळं मी हसत लिहितेय, पण त्या दिवसांत मला अव्वांचा भरवसा नव्हता. कारणही होतं. जोतिबाच्या डोंगरावरचा एक गुलाल-खोबऱ्याचा दुकानदार मधूनमधून थैली घेऊन यायचा. यात्रेकरूंनी वाहिलेली, गल्ल्यात साठलेली जुनी नाणी. अव्वा त्यातली दोनचार निवडायच्या, तोंड वाकडं करून थोडे पैसे द्यायच्या आणि तो गेल्यावर तीच नाणी काचेखाली कितीतरी जास्त किमतीची चिठ्ठी लावून ठेवायच्या. हे मी जिन्यावरून स्वतः बघितलेलं. म्हणजे समोरच्याला नाणं स्वस्त आहे सांगायचं हा यांचा धंदाच, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

आणि मग आमच्याच घरात पावली निघाली.

भावाचा फोन आला. माझ्याहून लहान, गावात मिळेल ते काम करतो. आवाज नाचत होता. "ताई, आपलं नशीब उघडलं वं! आईच्या देवाच्या डब्यात एशियाडची पावली हाये. फोटो धाडला म्या. त्यायनं पास केली."

"कोणी?"

"मोबाईलवरच्या कंपनीनं. पयली नोंदणी म्या भरली, दुकानदाराच्या मोबाईलवरून. आता टॅक्स भराचा हाये. थो तू भर. मंग पैसे खात्यात."

टॅक्सचा आकडा ऐकून मी पासबुक काढून बघितलं. बँकेत माझ्याकडं जवळजवळ तेवढेच पैसे होते. ते आईच्या डोळ्याचे होते. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गावच्या शिबिरात नेली तर साखर फार आहे म्हणून डॉक्टरांनी हात लावला नाही, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. तेव्हापासून मी टोस्ट भरता भरता साठवत होते. एक डोळा तरी होईल एवढे जमले होते. भाऊ म्हणत होता, हे भरले की दोन्ही डोळे होतील, घराला स्लॅब पडेल, आणि मला परत गावी येता येईल. हे शेवटचं मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. किती वर्षांत मला कुणी ये म्हटलं नव्हतं.

बेकरीला सुट्टी होती. मी खाली गेले आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, "अव्वा, एशियाडच्या पावलीला काय येतं हो?"

"का?"

मी फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "कुणाची?"

"आईची."

"घासलीया."

"फोटोसाठी आईनं चिंचेनं..."

"कोरी असती तर पन्नास-शंभर आलं असतं. आता काय न्हाय. देवाजवळच ठेवा म्हणावं."

मी वर आले. माझ्या मनात तो जोतिबाचा दुकानदार उभा राहिला. तोंड वाकडं, थोडे पैसे, आणि मागून चिठ्ठी. मला वाटलं, बघ, तुझ्याशीही तेच. ज्या बाईनं आसरा दिला तिच्यावर संशय घेतेय म्हणून एकीकडं लाज, आणि फसत असेन तर आईचं काय, ही दुसरीकडं भीती. तेवढ्यात कंपनीवाल्याचा फोन आला. गोड आवाज. मॅडम म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं. "मॅडम, पार्टी थांबलीय. आज संध्याकाळपर्यंत टॅक्स नाही आला तर नाणं कॅन्सल होईल."

मी जिन्यावर बसून बोलत होते. खालून आवाज आला, "कोण हाय गं?"

"कुणी नाही."

"कुणी न्हाय त्यो टॅक्स का मागतोय?"

कान किती तिखट! मग मला सगळं सांगावंच लागलं. अव्वा पायऱ्या चढून आल्या आणि माझ्या खालच्या पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "तुझ्याकडं किती हायत त्ये त्याला कळलंय व्हय?"

"भावानं सांगितलं असेल."

"मग त्यो कर न्हवं. तुझं पासबुक हाय. आण तो फोन."

त्यांनी फोन लावायला लावला, आवाज मोठा करायला सांगितला.

"कोण बोलतंय?"

"आंटी, कंपनीतून."

"माझ्याकडं बी हाय ओ एशियाडची पावली."

"वा आंटी! फोटो पाठवा, लगेच नोंदणी करू."

"एक न्हाय. दोन हजार हायत."

पलीकडं क्षणभरही खंड नाही. माणूस खुशीत हसला. "आंटी, मग तुम्ही तर करोडपती! सगळी घेतो. नोंदणी मात्र प्रत्येक नाण्याची वेगळी. तुम्हाला कमी करून देतो."

"तुम्ही जे करोड देणार त्यातनंच कापून घ्या की."

"तसं नाही होत आंटी. सिस्टीम घेत नाही."

अव्वांनी फोन माझ्या हातात दिला. "ऐकलीस?"

"हो. घेतो म्हणतोय सगळी," मी म्हणाले. खरंच मला तेवढंच ऐकू आलं होतं.

"अगं यव्वा, डोकं चालीव. दुर्मिळ म्हंजे काय? दुसऱ्याकडं न्हाय ते. खरा शौकीन कसा असतोय मी बघितलोय. आपल्याकडचं नाणं आणि कुणाकडं हाय म्हटलं की त्याचं तोंड उतरतंय, घास गिळत न्हाय. दोन हजार म्हटल्यावर त्यो रडला असता. ह्यो हसला."

माझ्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं. तरी एक किडा वळवळत होताच. दोन हजार ही नुसती थाप असेल तर? माझा चेहरा काही लपवू शकत नाही.

"माझ्यावर बी संशय हाय व्हय तुझा?" अव्वांनी विचारलं. मी मान खाली घातली. "ब्येस," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा मनापासून खूश झालेलं बघितलं. "चल खाली."

मागच्या खोलीत, त्यांच्या पलंगाखाली, दुधाची एक मोठी अॅल्युमिनियमची किटली होती. त्यांनी ती ओढली आणि तिथंच फरशीवर आडवी केली. पावल्याच पावल्या. एशियाडच्या, झाडाच्या, गेंड्याच्या. घरंगळत पार चुलीपर्यंत गेल्या. अक्षरांच्या खाचांत गुलाल बसलेला होता, तो उडाला आणि अव्वांच्या पांढऱ्या केसांवर बसला. खोलीभर जोतिबाचा वास.

"आमच्या मालकांची हौस," त्या म्हणाल्या. "डोंगरावरच्या दुकानदारांकडनं पोत्यानं उचलली. म्हणाले, चाराणं बंद हुणार, मग ह्याचं सोनं हुतंय बघ. माझ्या पाटल्या गेल्या त्यात. मी इश्वास ठेवलो. पर सगळ्यांनीच तसंच म्हणून ठेवल्यात न्हवं. खास हाय म्हणून ज्यो त्यो जपून बसलाय. जे सगळ्यांनी जपलं त्ये घरोघरी हाय, आणि जे खर्चून टाकलं त्येच आता गावत न्हाय. मी जोतिबावाल्याकडनं निवडून घेतो ती साधी पावली असती, सालाखाली टाकसाळीची बारकी खूण असलेली. तिला त्या टायमाला कुणी बघितलं बी न्हाय."

मालकांबद्दल त्या त्यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या आणि त्यानंतरही नाही. मी गुडघ्यांवर बसून पावल्या वेचायला लागले. त्यांनी मला वेचू दिलं, पण माझ्या हातांवरची नजर काढली नाही.

तोवर भावाचाच फोन आला. पैसे का पाठवले नाहीत? मी चाचरत सांगायला लागले तर तो उसळला. "थे बाईच चोर हाये! तिले पावली पाहिजे, म्हून तुले घाबरवून राह्यली. काऊन ऐकतं तिचं?" आवाज मोठाच राहिला होता. अव्वांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता खोली गेली.

त्यांनी फोन ओढून घेतला. "पावणं, शाणं हायसा. माझ्यावर संशय घेतला न्हवं, लय चांगलं केलं. तेवढाच त्या माणसावर बी घ्या. मग आमच्या दोघांत पैसं कोण मागतंय बघा. मी तर तुमची पावली बी मागितली न्हाय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

मी पैसे पाठवले नाहीत. संध्याकाळ झाली, नाणं कॅन्सल झालं, मग दुसऱ्या दिवशी त्या गोड आवाजाचा पुन्हा फोन आला की खास मुदत वाढवून मिळाली आहे. तेव्हा कुठं मला नीट झोप लागली. भाऊ मात्र माझ्याशी बोलेना. त्यानं गावात सांगून टाकलं की कोल्हापूरच्या एका बाईनं आमचे लाखो रुपये घालवले. आजही तो कधीमधी तसं म्हणतो. मी हे अव्वांना भीत भीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणू दे की. आईचं पैसं हायत न्हवं जागेवर? मग म्हणू दे."

त्याच पैशांत आईचा एक डोळा झाला. मी सुट्टी काढून गावी गेले, दवाखान्यात तिच्याजवळ राहिले, पट्टी निघेपर्यंत थांबले. परतताना आईनं तुरीच्या डाळीची एक पिशवी हातात दिली. "थ्या बाईले दे," म्हणाली. "म्या सोता निवडली म्हणावं." मोतीबिंदू वाढल्यापासून तिनं धान्य निवडायचं सोडलं होतं, शेजारणीकडून करून घ्यायची.

कोल्हापुरात उतरून मी आधी अव्वांकडं गेले. पिशवी पुढं केली.

"का?"

"आईनं पाठवलीय. तुमच्यासाठी. स्वतः निवडलीय."

"तू निवडली नसशील कशावरनं?"

"मला हातसुद्धा लावू दिला नाही."

अव्वांनी ताट आणलं. डाळ ओतली, पसरली, ताट उचलून दारातल्या उजेडात नेलं. चष्मा पुसला, घातला. आणि एका बोटानं डाळ सरकवत बघायला लागल्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, जशा नाणं बघायच्या तशा. मी प्रवासाचं बोचकं हातात धरून उभी होते आणि देवाला म्हणत होते, एखादा खडा निघू देऊ नको. त्यांनी ताट हलवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बोळातून कुणीतरी हाक मारली, त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"एक बी खडा न्हाय," शेवटी त्या म्हणाल्या. जरा नाराज झाल्यासारख्या वाटल्या. मग चष्मा काढला, डाळ ओंजळीनं डब्यात भरायला लागल्या आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

"डोळा चांगला झालाय म्हणायचा."